वकील न होता कोर्टकचेरीचं काम: गोव्यात पदवी निवडण्याआधी

काळा कोट घालायचा नाही, पण वकिलाच्या ऑफिसात, कोर्टात, सब-रजिस्ट्रारकडे किंवा एखाद्या कंपनीच्या कायदा विभागात काम करायला आवडेल, असं म्हणणारी मुलं-मुली मला बऱ्याचदा भेटतात. कोणीतरी नेटवर ‘लीगल सपोर्ट सर्व्हिसेस’ किंवा ‘पॅरालीगल स्टडीज’ची, म्हणजे वकिलाच्या सहाय्यकाच्या कामाची, पदवी पाहिलेली असते आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ही पदवी गोव्यात कुठे मिळते?

त्याचं उत्तर आधीच देऊन टाकते. अमेरिकेत या नावाच्या पदव्या आहेत, तिथली अमेरिकन बार असोसिएशन पॅरालीगल अभ्यासक्रमांना मान्यताही देते. आपल्याकडे कायदेशीर सहाय्यकाचं काम भरपूर आहे, पण त्या कामाकडे नेणारी एकच ठरलेली पदवी नाही. ती आपली आपण जुळवावी लागते. मी स्वतः बी.ए. करून म्हापशाला एका वकिलांच्या ऑफिसात लागले आणि पॅरालीगलचा डिप्लोमा नोकरी करता करता केला. कोणत्या क्रमाने काय करावं हे सांगणारं तेव्हा कोणी नव्हतं, म्हणून हे लिहिते आहे.

१. आधी काम बघा, पदवी नंतर

प्रवेशाच्या अर्जाआधी काही दिवस कोर्टात जाऊन बसा. पणजी, म्हापसा, फोंडा, मडगाव, डिचोली, जे जवळ असेल तिथे. आपल्याकडे न्यायालयाचं कामकाज साधारणपणे सगळ्यांना खुलं असतं. काही कौटुंबिक प्रकरणं आणि लैंगिक गुन्ह्यांचे खटले बंद दालनात चालतात, तेवढे सोडले तर मागच्या बाकावर शांत बसायला कोणी हरकत घेत नाही. मोबाईल मात्र बंद ठेवा.

तिथे वकिलांकडे बघू नका. त्यांच्या मागे फायली घेऊन उभे असलेल्यांकडे बघा. सकाळी बोर्ड (त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी) बघणं, कोणत्या दालनात कितवा नंबर आहे ते सरांना कळवणं, पुकारा झाला की हातात योग्य फाईल देणं, तारीख पडली की डायरीत लिहिणं, रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) काय नोंदलं ते वाचणं, समन्सची प्रोसेस फी भरणं, समन्स पोचवणाऱ्या बेलिफाकडे पत्ता बरोबर गेला की नाही ते पाहणं, सर्टिफाइड कॉपीचा अर्ज टाकणं. दुपारनंतर ऑफिसात मसुदे टाईप करणं, जोडपत्रांना क्रमांक देणं, अशिलाला फोन करून ‘मूळ कागद आणा, झेरॉक्स नको’ हे पुन्हा पुन्हा सांगणं.

हे वाचूनच कंटाळा आला असेल तर कोणतीही पदवी उपयोगाची नाही. आणि उत्सुकता वाटली असेल, तर हे काम पुष्कळांना वाटतं त्यापेक्षा जास्त डोक्याचं आहे हेही सांगून ठेवते. साधं उदाहरण घ्या. निकालाविरुद्ध अपील करायची मुदत चालू असते. मुदत कायद्याच्या १२व्या कलमाप्रमाणे निकालाची प्रत मिळवायला लागलेला काळ त्या मुदतीतून वगळतात. म्हणजे प्रतीसाठी अर्ज कधी केला, प्रत कधी तयार झाली, या तारखा सहाय्यकाने नीट जपल्या तर अपील वाचतं. अर्जच उशिरा टाकला तर मधले दिवस कोणी परत देत नाही.

२. पदवीचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गोव्यात कायद्याची रीतसर पदवी देणारी, गोवा विद्यापीठाला संलग्न अशी दोन जुनी कॉलेजं आहेत: मिरामारचं व्ही. एम. साळगावकर कायदा महाविद्यालय आणि मडगावचं जी. आर. कारे कायदा महाविद्यालय. बारावीनंतर पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम किंवा कोणत्याही पदवीनंतर तीन वर्षांचं एलएल.बी., असे दोन रस्ते तिथे आहेत. यातून बाहेर पडलेली व्यक्ती सनद (वकिलीचा परवाना) घेऊन वकील होऊ शकते आणि सहाय्यकाच्या कामालाही लागू शकते.

दुसरा प्रकार ‘लीगल स्टडीज’मधल्या बी.ए.सारख्या पदव्यांचा. राज्याबाहेरची काही खासगी विद्यापीठं त्या देतात. अभ्यास चांगला असू शकतो, पण ही पदवी म्हणजे एलएल.बी. नव्हे. ती घेऊन सनद मिळत नाही. जाहिरातीत ‘कायद्यातील पदवी’ असं मोठ्या अक्षरांत असतं आणि ही ओळ कुठेच नसते. या तीन वर्षांनंतर वकील व्हायचं ठरलं तर पुढे एलएल.बी.ची तीन वर्षं वेगळी काढावी लागतील. साध्या बी.ए. किंवा बी.कॉम.नंतरही नेमकी तेवढीच लागतात. मग घरापासून लांब राहून, जास्त फी भरून ती घेण्यात काय मिळतं, याचा हिशेब कागदावर मांडून बघा.

तिसरा रस्ता माझा: गोवा विद्यापीठाच्या कोणत्याही कॉलेजातली नेहमीची पदवी आणि जोडीला इग्नूचा (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा) ‘डिप्लोमा इन पॅरालीगल प्रॅक्टिस’. बारावी झालेल्यांना तो करता येतो, कमीत कमी एक वर्षाचा आहे आणि दूरशिक्षणाने होतो. त्यात घटनेची ओळख, दिवाणी-फौजदारी प्रक्रिया, ग्रामीण आणि वंचितांच्या हक्कांचे कायदे असं बरंच आहे. ऑफिसातला रोजचा व्यवहार तो शिकवत नाही, पण शब्दांची भीती घालवतो.

वाणिज्य शाखेच्या मुलांसाठी आणखी एक वाट आहे आणि तिच्याकडे आपल्याकडे उगाच दुर्लक्ष होतं: कंपनी सेक्रेटरी, म्हणजे कंपनी कायद्याचे नियम पाळते ना हे बघणारी व्यक्ती. बारावीनंतर प्रवेश परीक्षा, मग एक्झिक्युटिव्ह आणि प्रोफेशनल असे टप्पे. अभ्यास कठीण आहे, पुष्कळ जण मध्येच थांबतात. पण एक्झिक्युटिव्हपर्यंत पोचलेल्यांनाही कंपन्यांच्या कायदा विभागात विचारतात.

आता यातले सापळे.

पाच वर्षांच्या एकत्रित अभ्यासक्रमाला घातलं आणि तीन वर्षांनी मन उडालं, तर निदान बी.ए. तरी हातात येईल, असं अनेक पालक गृहीत धरतात. वकिली आणि कायद्याच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या २००८च्या कायदा शिक्षण नियमांत असा मधला दरवाजा बंद आहे. एकत्रित पदवी तोडून अर्धी देता येत नाही आणि पदवी आहे म्हणून मधल्या वर्षात थेट प्रवेशही देता येत नाही. ज्याला अजून खात्री नाही त्याने पाच वर्षांच्या रस्त्याला लागण्याआधी हे नक्की लक्षात घ्यावं.

एलएल.बी. दूरशिक्षणाने होत नाही. कोणी ‘घरबसल्या एलएल.बी.’ म्हणत असेल तर त्या पदवीवर सनद मिळणार नाही. बी.ए. किंवा बी.कॉम. मात्र बारावी रीतसर करून मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठातून केलं असेल तर पुढे एलएल.बी.ला चालतं. बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली असेल तर तिथे अडकायला होतं.

गुणांची किमान अट सर्वसाधारण गटाला ४५ टक्के, इतर मागासवर्गीयांना ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के आहे. ती पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी बारावीला आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी पदवीला लागू होते. आज ‘मला वकील व्हायचंच नाही’ म्हणून पदवी काठावर काढली तर उद्या हीच अट आडवी येते. ऑफिसात काम करणाऱ्या निम्म्याहून जास्त मुलांना पुढे कधीतरी एलएल.बी. करावंसं वाटतं, असा माझा अंदाज आहे.

आणि नोकरी सांभाळून एलएल.बी. करायचा विचार असेल तर हजेरी मोजा. नियमाने ७० टक्के लागते. बार काउन्सिलने २०२४मध्ये परिपत्रक काढून शिकत असताना नोकरी केली का, दुसरी नियमित पदवी सोबत केली का, हे जाहीर करायला सांगितलं आहे. ‘सकाळी कॉलेजात सही, मग ऑफिस’ ही जुनी पद्धत आता चालेल या भरवशावर राहू नका. एलएल.बी.बरोबर दुसरी नियमित पदवी करता येत नाही. दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम आणि भाषेचा किंवा संगणकाचा छोटा कोर्स चालतो.

मला कोणी विचारलं तर मी असं सांगते: कायद्याची ओढ पक्की असेल तर पाच वर्षांचा अभ्यासक्रम. शंका असेल तर जवळच्या कॉलेजातली नेहमीची पदवी, दुसऱ्या वर्षापासून इग्नूचा डिप्लोमा आणि सुट्टीत एखाद्या ऑफिसात उमेदवारी. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात नसलेला मधला थांबा इथे आहे.

३. गोव्यात या कामाचा गाभा म्हणजे जमीन आणि वारसा

हा भाग कुठल्याही बाहेरच्या अभ्यासक्रमात मिळणार नाही, आणि गोव्यातल्या ऑफिसात पहिल्याच आठवड्यात हाच लागतो.

इथे कुटुंब आणि मालमत्तेला १८६७चा पोर्तुगीज नागरी कायदा लागू झाला, तो १८७० पासून. मुक्तीनंतरही तो राहिला. वारसाचा भाग आता ‘गोवा वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी प्रक्रिया कायदा, २०१२’ या राज्याच्या कायद्यात आहे. तो २०१६मध्ये अमलात आला. याचा रोजच्या कामावर होणारा परिणाम मोठा आहे. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात. त्यामुळे जमीन एकाच्या नावावर दिसली तरी विक्रीखताला जोडीदाराची सही लागते. मालक विवाहित आहे का, लग्न कुठे नोंदलं, करार होता का, हे विचारल्याशिवाय खरेदीखताचा मसुदा सुरूच करायचा नाही. मुंबई-पुण्यात शिकून आलेल्या मुलांना ही गोष्ट लवकर पचत नाही.

मृत्युपत्रालाही मर्यादा आहे. मुलं किंवा आईवडील असे हक्काचे वारस असतील तर साधारण निम्मी मालमत्ता त्यांच्यासाठी राखीव राहते, उरलेल्या निम्म्याचंच मृत्युपत्र करता येतं. ‘सगळं धाकट्याला’ असं म्हणत आलेल्या आजोबांना हे समजावून सांगणं वकिलाचं काम आहे, पण कागद गोळा करताना तो प्रश्न पहिल्यांदा तुमच्याच टेबलावर येईल. २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्याचा अधिवास असलेल्या माणसाच्या गोव्याबाहेरच्या मालमत्तेलाही हाच कायदा लागू होतो असं ठरवलं, त्यामुळे कल्याण किंवा बेळगावातला फ्लॅटही यादीत येतो.

इन्व्हेंटरी म्हणजे कोर्टातून होणारी वाटणी. आधी प्राथमिक निवेदन, मग वारसांची यादी, मालमत्तेची यादी, मूल्यांकन, गरज पडली तर वारसांमध्येच बोली, शेवटी वाटणीचा तक्ता. प्रत्येक टप्प्यावर जन्म, मृत्यू आणि विवाहाचे दाखले लागतात आणि वारस लिस्बनपासून कतारपर्यंत पसरलेले असतात. ज्याला वंशावळ नीट मांडता येते आणि दाखल्यांचा पाठपुरावा करता येतो, त्या सहाय्यकाला गोव्यात काम कमी पडत नाही.

जमिनीचे कागद वेगळेच. ‘फॉर्म एक व चौदा’ म्हणजे जमिनीचा सरकारी उतारा, आमच्याकडे सगळे त्याला वन-फोर्टीन म्हणतात. त्यात कब्जेदार, कूळ आणि इतर हक्क असे रकाने असतात. त्यातली नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानतात, पण तो मालकीचा पुरावा नव्हे. मालकीसाठी मागे जावं लागतं: जुनी विक्रीखतं, पोर्तुगीज काळातली जमीन नोंदणी म्हणजे दिस्क्रिसांव (मालमत्तेचं वर्णन) आणि इन्स्क्रिसांव (हक्काची नोंद), कर नोंदीतला मात्रिझ. शहरी भागात वन-फोर्टीनऐवजी फॉर्म ‘डी’ असतो. जमीन कोमुनिदादची (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची) असेल तर प्रशासकाचं कार्यालय आलं. घर मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं) असेल तर १९७५चा मुंडकार कायदा आणि शेताला कूळ असेल तर १९६४चा कूळ कायदा. देवस्थानाच्या जमिनीत महाजन (देवस्थानाचे वंशपरंपरेने सदस्य) आणि देवस्थानांचा प्रशासक म्हणून मामलेदार येतात. तिसवाडीतल्या एकाच प्लॉटला यातले तीन-चार कायदे एकदम लागू झालेले मी पाहिले आहेत.

या सगळ्याची काळजी का घ्यायची, तर २०२२मध्ये बनावट कागदांनी जमिनी बळकावल्याच्या तक्रारींसाठी सरकारला विशेष तपास पथक आणि निवृत्त न्यायमूर्तींचा आयोग नेमावा लागला. जुने मालक परदेशी, कागद पोर्तुगीजमध्ये, बघणारं कोणी नाही, अशा मालमत्ता त्यात हेरल्या गेल्या. म्हणून पुराभिलेख खात्यातून आलेली प्रत असली तरी ती मूळ पुस्तकाशी ताडून बघायची सवय सुरुवातीपासून लावा.

४. भाषा: मराठी माध्यमाची मुलं घाबरतात तेवढं घाबरायचं कारण नाही

कोर्टातले मसुदे इंग्रजीत असतात, उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजीच आहे. हे खरं. पण सत्तरी, पेडणे, डिचोलीतून येणारा अशील कोकणी-मराठीत बोलतो. त्याचं म्हणणं नीट ऐकून तारखांसकट लिहून घेणारं माणूस नसेल तर इंग्रजी मसुदा कितीही देखणा असो, चुकीचाच होतो. मसुद्याचं इंग्रजी साचेबंद असतं. जुन्या फायलींतले दावे आणि कैफियती (दाव्याला दिलेली लेखी उत्तरं) रोज एक याप्रमाणे हाताने उतरवून काढा. व्याकरणाच्या क्लासपेक्षा त्याने जास्त फरक पडतो.

पोर्तुगीज थोडी तरी शिका. १९६१पूर्वीच्या दस्तांत ‘वेन्दा’, ‘एर्देइरु’, ‘लोति’ असे पन्नास-साठ शब्द पुन्हा पुन्हा येतात. पणजीत कामोंइश केंद्रात वर्ग चालतात, गोवा विद्यापीठातही सोय आहे. पूर्ण भाषांतर प्रमाणित भाषांतरकारच करेल, पण कोणतं पान भाषांतराला द्यायचं हे तुम्हाला कळायला हवं. मोडी येत असेल तर दुधात साखर; देवस्थानांच्या जुन्या कागदांत ती भेटते.

५. प्रवेशासाठी काय काय लागेल

- दहावी-बारावीची गुणपत्रिका, उत्तीर्ण प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला
- जन्मदाखला आणि आधार
- गोव्यातील वास्तव्याचा दाखला, मामलेदार कार्यालयातून
- लागू असेल तर जातीचा, उत्पन्नाचा किंवा दिव्यांगत्वाचा दाखला
- अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा (अभ्यासक्रमातले श्रेयांक जमा ठेवणाऱ्या ऑनलाइन खात्याचा) आयडी; नव्या शैक्षणिक धोरणाखालच्या पदवीला तो लागतोच
- बाहेरच्या बोर्डातून आला असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र
- फोटो, आणि सगळ्याच्या स्कॅन केलेल्या स्पष्ट फायली

यादी सोपी दिसते. अडचण नावांत असते. जन्मदाखल्यावर ‘शाणू’, शाळेत ‘शानू’, आधारावर वडिलांचं नाव नाही, आडनाव गावाचं की कुळाचं यावर घरातच दोन मतं. प्रवेशाच्या वेळी कॉलेज एखाद्या प्रतिज्ञापत्रावर भागवून घेतं आणि आपण विसरतो. पुढे सनदेच्या किंवा सरकारी नोकरीच्या वेळी तेच बाहेर येतं. नावात खरोखर बदल करायचा असेल तर त्यासाठी १९९०चा गोव्याचा वेगळा कायदा आहे. बारावीच्या वर्षातच ते निस्तरून घ्या.

वास्तव्याच्या दाखल्यासाठी जूनमध्ये मामलेदाराकडे झुंबड उडते. मेच्या सुरुवातीला अर्ज टाका.

पैशांची अडचण असेल तर गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्ज योजना आधी बघा, बँकेत नंतर जा.

६. कॉलेजला विचारायचे प्रश्न

माहितीपत्रिकेवर विसंबू नका. तोंडी उत्तर मिळालं तर ईमेलवर मागून घ्या.

या पदवीनंतर एलएल.बी.ला प्रवेश मिळेल का? कायद्याची पदवी असेल तर बार काउन्सिलची मान्यता कोणत्या वर्षापर्यंत आहे? दूरशिक्षण असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या त्या वर्षाच्या यादीत हाच अभ्यासक्रम, याच नावाने आहे का? विद्यापीठाला मान्यता असणं आणि त्या अभ्यासक्रमाला असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जाहिराती पहिलीच दाखवतात. इंटर्नशिप कॉलेज लावून देतं की आपली आपण शोधायची? फौजदारी कायद्याचा अभ्यासक्रम नव्या संहितांप्रमाणे बदलला आहे का?

‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणणाऱ्याला मागच्या वर्षी गोव्यात कोण कुठे लागलं ते विचारा. तिथे बहुतेक वेळा बोलणं संपतं.

७. शिकत असताना हात चालवा

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रियेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. सेकंडहँड पुस्तकं स्वस्त मिळतात म्हणून घ्याल तर या विषयांत फसाल. गंमत अशी की जुनी कलमं विसरूनही चालत नाही, कारण त्याआधीच्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच संहितेवर चालतात. फसवणुकीचं ४२० आता ३१८मध्ये आणि खुनाचं ३०२ आता १०३मध्ये, असा तक्ता स्वतः करून भिंतीला लावा.

ई-कोर्ट्सचं ॲप घ्या आणि सीएनआर क्रमांकाने (प्रत्येक प्रकरणाला मिळणाऱ्या स्वतंत्र क्रमांकाने) प्रकरण शोधायला शिका. तो १६ अक्षरांचा असतो. ई-फायलिंगसाठी पीडीएफ कशी बनवायची, पानांना क्रमांक आणि बुकमार्क कसे द्यायचे, हे येणाऱ्याला ऑफिसात पहिल्या दिवसापासून मान मिळतो. व्हॉट्सॲपचे मेसेज पुरावा म्हणून द्यायचे तर साक्ष्य अधिनियमाच्या ६३व्या कलमाचं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक सादर करणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि फाईलचा हॅश (फाईल बदलली नाही हे दाखवणारा संगणकी ठसा) त्यात लिहावा लागतो. आमच्याकडे अजूनही अशील नुसता स्क्रीनशॉट छापून आणतात.

टायपिंग दोन्ही हातांनी, न बघता. शॉर्टहँड येत असेल तर अजूनही भाव आहे, कोर्टाच्या स्टेनोग्राफर भरतीत त्याचीच परीक्षा असते.

दस्त नोंदणीच्या मुदती तोंडपाठ ठेवा. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त सब-रजिस्ट्रारपुढे गेला पाहिजे. दिवाणी दाव्यात कैफियत ३० दिवसांत आणि कोर्टाने वाढवून दिली तर ९० दिवसांपर्यंत.

आणखी एक चांगली शाळा म्हणजे पॅरालीगल व्हॉलंटिअर. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची ही योजना २००९ची आहे, निवड आणि प्रशिक्षण जिल्हा पातळीवर होतं. हे मानधनावरचं सेवाकार्य आहे, नोकरी नव्हे. पण महिला, मुलं, कोठडीतले लोक, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना मोफत वकील कसा मिळतो, हे तिथे शिकता येतं. उत्पन्न न बघता ज्यांना ही मदत मिळते त्यांत सगळ्या महिला येतात, हे गावात पुष्कळांना ठाऊक नसतं.

८. लक्ष्मणरेषा

ॲडव्होकेट्स ॲक्टप्रमाणे वकिली करण्याचा हक्क फक्त सनद असलेल्यांना आहे. सनद नसताना न्यायालयापुढे वकिली केली तर ४५व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सहाय्यकाने मसुदा टाईप करावा, कागद लावावेत, तारीख कळवावी. ‘तुमची केस नक्की जिंकणार’, ‘अपील करू नका’ असं स्वतःहून अशिलाला सांगू नये. शेजारी-पाजारी, नातेवाईक हेच विचारतील. ‘सरांना विचारून सांगते’ हे वाक्य मी दिवसातून कितीदा म्हणते त्याला गणती नाही.

गुप्तता ही तर कायद्यानेच बांधलेली आहे. वकील आणि अशील यांच्यातलं बोलणं साक्ष्य अधिनियमाच्या १३२व्या कलमाने सुरक्षित आहे, आणि वकिलाचे कारकून व कर्मचारी यांनाही ते लागू होतं. गोवा लहान आहे. कदंब बसमध्ये शेजारी बसलेली बाई विरुद्ध पक्षकाराची मावशी निघू शकते. ऑफिसच्या ग्रुपवरची फाईल घरच्या ग्रुपवर जाणार नाही याची सोय आधीच करून ठेवा.

कचेरीबाहेरच्या एजंटांसोबत ‘लवकर काम करून देतो’च्या धंद्यात पडू नका. एकदा नाव गेलं की या वर्तुळात ते परत येत नाही.

९. नोकरी कुठे

वकिलांची ऑफिसं आहेतच, पण सुरुवातीचा पगार तिथे कमी असतो, हे स्पष्ट सांगते. मोठ्या ऑफिसात एकाच प्रकारचं काम मिळतं. छोट्या ऑफिसात सगळं शिकायला मिळतं आणि झाडूही मारावा लागतो. बँकांसाठी टायटल सर्च, म्हणजे मालकीच्या कागदांची तपासणी, करणारे वकील, बांधकाम व्यावसायिक, रेरासमोरच्या (बांधकाम क्षेत्राच्या नियामकासमोरच्या) तक्रारी हाताळणारी ऑफिसं, विमा दाव्यांची कामं, वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांचे अनुपालन विभाग, ही नावं शोधताना लक्षात ठेवा.

सरकारी नोकरीत दोन वेगळे रस्ते आहेत. कोर्टांची भरती न्यायालयं स्वतः करतात, इतर खात्यांतल्या कारकुनी जागांसाठी गोवा कर्मचारी निवड आयोग आहे. राज्य सरकारच्या जागांना सर्वसाधारणपणे १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि कोकणीचं ज्ञान सक्तीचं असतं, मराठी येत असल्यास इष्ट. घरी मराठी असली तरी देवनागरी कोकणीत अर्ज लिहिण्याचा सराव करा.

पुढे एलएल.बी. करून सनद घ्यायची ठरली तर ती महाराष्ट्र आणि गोवा बार काउन्सिलकडे. २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोंदणी शुल्क कायद्यातल्या रकमेपेक्षा जास्त घेता येणार नाही असं सांगितलं: सर्वसाधारण गटाला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. त्याआधी ही रक्कम हजारांत जात होती.

१०. परदेशातली पदवी डोक्यात असेल तर

पोर्तुगीज पासपोर्टमुळे म्हणा किंवा नातेवाइकांमुळे, गोव्यात हा प्रश्न येतोच. अमेरिकेतली पॅरालीगलची पदवी अमेरिकेतच राहून काम करणार असाल तरच अर्थाची आहे. तिथेही ती वकील बनवत नाही. अ‍ॅरिझोनासारख्या एखाद्या राज्याने २०२१ पासून परवानाधारक सहाय्यकांना ठरावीक प्रकरणांत कोर्टात उभं राहू दिलं आहे, पण तो त्या राज्याचा नियम आहे. ती पदवी घेऊन गोव्यात परत आलात तर फॉर्म एक व चौदा पहिल्यापासूनच शिकावा लागेल.

इंग्लंडचं गणित वेगळं आहे. तिथे २०२१पासून सॉलिसिटर (तिथल्या वकिलांचा एक प्रकार) होण्यासाठी एसक्यूई ही परीक्षा आहे. कोणत्याही विषयाची पदवी किंवा तिच्या बरोबरीची पात्रता आणि दोन वर्षांचा पात्र अनुभव लागतो. पॅरालीगल म्हणून केलेलं काम त्या अनुभवात मोजता येतं, आणि तो अनुभव तिथल्या सॉलिसिटरने किंवा संस्थेच्या जबाबदार अधिकाऱ्याने प्रमाणित करावा लागतो. म्हणजे गोव्यात घेतलेली साधी बी.ए. तिथे वाया जात नाही.

जाण्याआधी गुणपत्रिका आणि जन्मदाखल्यावर अपोस्टिल (परदेशात कागद खरा मानला जाण्यासाठीचा सरकारी शिक्का) करून घ्या. आधी राज्य पातळीवर साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालय, असा क्रम आहे आणि त्याला वेळ लागतो. आणि त्या विद्यापीठाला ‘ही पदवी घेऊन मी तुमच्या राज्यात नेमकं कोणतं काम करू शकेन आणि व्हिसा ते काम करू देईल का’ असं लिहून विचारा. लेखी उत्तर येईपर्यंत अनामत रक्कम भरू नका.